चिंगीची शिकवणी

पहाटे साडेपाचला आमच्या घरात पहिला आवाज होतो तो ‘टक्’ असा. माझा चष्मा जमिनीवर पडल्याचा. पाडणारी आमची मांजर, चिंगी. उशाशी असलेल्या स्टुलावर ती चढते, पंजाने चष्मा बोटभर सरकवते, थांबून माझ्याकडे बघते, पुन्हा बोटभर सरकवते. मी झोपेचं सोंग घेतलंय अशी खात्री पटली की शेवटचा एक टोला. टक्! चष्म्याशिवाय मला समोरची भिंतसुद्धा धड दिसत नाही, म्हणून मी ताडकन उठते. आणि उठलेच आहे तर, म्हणून डब्यातली चिमूटभर सुकट तिच्या ताटलीत टाकते.

परवा शेजारचा ओंकार विचारत होता, “मावशी, तुम्ही चिंगीला काय काय शिकवलंय?”

मी बराच विचार केला आणि म्हटलं, “काहीच नाही रे.”

“मग तिनेच तुम्हाला शिकवलंय वाटतं,” असं म्हणून तो पसार झाला.

पाचवीतलं पोर चेष्टा करून गेलं, पण बोललं ते खरं होतं! प्राणी कसे शिकतात आणि नेमकं कोण कुणाला शिकवतं, हे शोधायला माणसाने सव्वाशे वर्षं घालवली आहेत. आणि गंमत म्हणजे त्यातले सुरुवातीचे गाजलेले प्रयोग मांजरांवरच झाले.

तसं जनावरांना शिकवणं काही नवं नाही. दारावर येणारा नंदीबैल गुबुगुबु वाजलं की मान डोलावतो, ते काय आपोआप? पण शिकवणारे आपलं गुपित आपल्यापाशी ठेवायचे, आणि बघणारे म्हणायचे, “केवढं हुशार जनावर!” अमेरिकेतला एडवर्ड थॉर्नडाइक नावाचा तरुण म्हणाला, हुशार म्हणजे किती हुशार? मोजून बघू.

हा थॉर्नडाइक आधी कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करायचा. पुस्तकं उभी करून त्यांच्या भिंती बनवायचा आणि त्या भुलभुलैयात पिल्लं सोडायचा. राहत्या खोलीत हा उद्योग! घरमालकीण अर्थातच वैतागली. शेवटी त्याचे प्राध्यापक विल्यम जेम्स यांनी आपल्या घराच्या तळघरात पिल्लांना जागा दिली. जेम्स यांच्या मुलांची तर चंगळच झाली असणार.

पुढे न्यूयॉर्कला गेल्यावर त्याने लाकडी फळ्यांचे खोके ठोकले. एका खोक्यात उपाशी मांजर, बाहेर माशाचा तुकडा. दार उघडायचं तर आतलं कडं ओढायला हवं. दुसऱ्या खोक्यात दोरी, तिसऱ्यात पायाने दाबायची फळी. मांजर आत गेलं की हा घड्याळ लावून बसायचा.

त्याच्या बारा नंबरच्या मांजरीचे आकडे बघा. पहिल्यांदा तिने गजांतून पंजे घातले, चावे घेतले, सगळीकडे ओरबाडलं आणि त्या धडपडीत कधीतरी पंजा कड्यात अडकून दार उघडलं. वेळ लागला १६० सेकंद. पुन्हा आत ठेवली. या वेळी ३० सेकंद. म्हणजे कळलं की हिला! छे. तिसऱ्यांदा ९०. मग ६०, मग १५, मग पुन्हा २८. असं वर-खाली करत करत विसाहून जास्त खेपांनंतर ती सहा-सात सेकंदांवर आली.

आता यात नवल काय? नवल त्या ९० मध्ये आहे. मांजरीच्या डोक्यात ‘अरेच्चा, कडं ओढलं की दार उघडतं!’ असा दिवा एकदम पेटला असता, तर दुसऱ्या खेपेनंतर वेळ पुन्हा वाढलाच नसता. दिवा पेटला नव्हता. निरुपयोगी ओरबाडणं हळूहळू गळत गेलं आणि ज्या हालचालीनंतर मासा मिळाला ती टिकली. इतकंच. थॉर्नडाइकने १८९८ साली हे प्रसिद्ध केलं. पुढे त्याने याला ‘परिणामाचा नियम’ म्हटलं. ज्या कृतीचा परिणाम गोड, ती पुन्हा केली जाते.

उपाशी मांजरं कोंडण्याबद्दल वाचताना मला काही फार बरं वाटत नाही, हेही सांगून टाकते. पण ते आकडे मात्र विसरता येत नाहीत.

यानंतर तीसेक वर्षांनी याच प्रश्नामागे लागला बी. एफ. स्किनर. जागा हार्वर्ड विद्यापीठ, प्राणी पांढरा उंदीर. स्किनर लहानपणापासून खटपट्या. मोडकंतोडकं जोडून यंत्रं बनवायची हौस. त्याने एक खोका बनवला. आत एक दांडी. ती दाबली की खाऊची गोळी घरंगळत ताटलीत येणार. उंदराला दर वेळी उचलून पुन्हा आत ठेवायला नको. हवं तेव्हा दाबावं, हवं तेव्हा बसून मिशा साफ कराव्यात. बाहेर कागदाची गुंडाळी सावकाश फिरत असे आणि तिच्यावर एक पेन टेकलेलं. उंदराने एकदा दांडी दाबली की पेन एक पायरी वर चढे. भराभर दाबलं तर चढण उभी, दाबलंच नाही तर रेघ आडवी. थोडक्यात, उंदीर स्वतःची रोजनिशी लिहायचा!

त्या रोजनिशीत दोन मोठे शोध लागले. एक यंत्र बिघडल्यामुळे आणि दुसरा चक्क कंटाळ्यामुळे.

पहिला शुक्रवारचा. गोळ्या सोडणारं यंत्र अडकलं. उंदीर दांडी दाबतोय आणि गोळीच येत नाही. स्किनरने कागद बघितला तर पेनने एक सुंदर वळण काढलं होतं. आधी भराभर दाबणं, मग कमी, मग आणखी कमी. खाऊ थांबला की सवय कशी विझत जाते, त्याचं ते चित्रच होतं. प्रयोगशाळेत ते दाखवायला कुणीही नाही. मग हा माणूस तो शनिवार-रविवार रस्ता ओलांडतानासुद्धा जपून ओलांडत होता. आपल्याला काही झालं, तर हा शोध कुणालाच कळणार नाही ना!

दुसरा शोध शनिवारचा. उंदरांच्या गोळ्या बाजारात मिळत नव्हत्या. औषधाच्या गोळ्या वळायच्या यंत्रावर स्किनर त्या स्वतः वळायचा. आठ उंदीर, प्रत्येकाला रोज शंभर. करा गुणाकार. दिवसाला आठशे गोळ्या! एका छान शनिवारी दुपारी त्याने बरणीत बघितलं तर साठा सोमवारी सकाळपर्यंत संपणार होता. म्हणजे उरलेला दिवस आणि संध्याकाळ गोळ्या वळण्यात घालवायची. त्याला कंटाळा आला आणि मनात आलं, दर दाबण्याला गोळी द्यायलाच हवी का? मिनिटाला एकच दिली तर?

वाटेल की उंदीर चिडून दाबणं सोडून देतील. झालं उलटंच. ते दाबत राहिले, एकसारखे, नेमाने. आणि नंतर कळलं ते त्याहून मजेशीर. ज्या उंदराला दर वेळी गोळी मिळते, त्याची गोळी बंद केली तर तो लवकर नाद सोडतो. ज्याला कधीमधीच मिळायची, तो मात्र गोळी पूर्ण बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चिकटून राहतो.

ओळखीचं वाटतंय का? आजोबांकडे चॉकलेट मागता. नऊ वेळा ‘नाही’, दहाव्यांदा ‘घे बाबा एकदाचं’. दोस्तांनो, आजोबांना वाटतं आपण नऊ वेळा ठाम राहिलो. खरं तर त्यांनी तुम्हाला दहादा मागायला शिकवलेलं असतं. (हा परिच्छेद आजोबांना वाचून दाखवू नका.)

मोठ्यांच्या पुस्तकात परिणामातून होणाऱ्या या शिकण्याला ‘साधक अभिसंधान’ म्हणतात. जीभ अडखळली ना? अडखळू दे. आपण पिठाच्या गिरणीत जाऊ.

साल १९४३. दुसरं महायुद्ध चालू आहे. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर स्किनर आणि त्याचे साथीदार कबुतरं घेऊन बसलेत. योजना अशी, की बॉम्बच्या नाकात कबुतरं बसवायची. समोरच्या पडद्यावर लक्ष्याचं चित्र दिसलं की ती त्यावर चोच मारतील आणि त्या चोचीच्या खुणेवर बॉम्ब आपली दिशा सुधारेल. कबुतरांना ते जमतही होतं. सरकारी अधिकाऱ्यांना मात्र हसू आवरत नव्हतं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये योजना गुंडाळली गेली. कबुतरांना कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे ती गुंडाळली याचा मला आनंदच आहे. स्किनरने काही कबुतरं सांभाळली. सहा वर्षांनीसुद्धा ते चित्र दिसताच ती बरोबर जागी टोचत.

पण मला गिरणीतला एक वेगळाच दिवस सांगायचाय. वरून निर्णय येत नव्हता, हाताला काम नव्हतं. रिकामटेकडे बसून काय करायचं, म्हणून त्यांनी ठरवलं की कबुतराला बोलिंग शिकवू. म्हणजे लाकडी चेंडू चोचीने ढकलायचा आणि पुढच्या खेळण्यातल्या खुंट्या पाडायच्या. चेंडू ठेवला. कबुतराने चोचीचा फटका मारला की दाणे द्यायचे, असं ठरवून दाण्याच्या यंत्राचं बटण हातात धरून सगळे बसले. बसले. बसलेच! कबुतर फटका मारेना. मारेल कशाला? जे त्याने कधी केलंच नाही, त्याचं बक्षीस त्याला मिळणार तरी कसं?

कंटाळून त्यांनी नियम सैल केला. कबुतराने चेंडूकडे नुसतं बघितलं तरी खट्! बटण दाबलं, दाणे आले. मग बघणं पुरेसं नाही, एक पाऊल पुढे टाकलं तर खट्. मग मान वाकवली तर खट्. मग चोच चेंडूला लागली तर. थोड्याच मिनिटांत तो चेंडू खोक्याच्या भिंतींवर असा आदळत होता, जणू कबुतर स्क्वॉशचं विजेतं असावं.

स्किनर थक्क झाला. तोपर्यंत दांडी दाबली की त्याचं यंत्र आपोआप गोळी टाकायचं. इथे माणसाचा हात होता, डोळा होता, आणि ‘आत्ता!’ हा क्षण पकडायचा होता. अर्धा सेकंद उशीर झाला तर कबुतर मागे वळलेलं असायचं आणि बक्षीस मागे वळण्याला जायचं. दाणे चोचीत पडायला वेळ लागतो, पण यंत्राचा ‘खट्’ तत्काळ कानावर पडतो. म्हणून तो आवाजच कबुतराला सांगायचा, ‘हे केलंस ना, याचे दाणे येताहेत.’ आज कुत्र्यांना शिकवणारे लोक खिशात टिक्-टिक् वाजणारी चिमुकली डबी ठेवतात, तिचं काम नेमकं हेच.

आणि बक्षीस भलत्याच गोष्टीला गेलं तर काय होतं? तेही स्किनरने बघितलं. १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात त्याने आठ कबुतरांना दर १५ सेकंदांनी आपोआप दाणे मिळतील अशी व्यवस्था केली. काही करा, करू नका, दाणे येणारच. तरी आठांपैकी सहांनी आपापली एकेक करामत सुरू केली. एक डावीकडून गोल गोल फिरायचं, एक वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसायचं. स्किनरचं म्हणणं असं, की दाणे आले त्या वेळी जे चाललं होतं, त्यामुळेच दाणे आले अशी त्यांची समजूत झाली. पुढे १९७१ मध्ये इतरांनी बारकाईने पुन्हा बघितलं तेव्हा प्रकरण इतकं सरळ निघालं नाही. दाणे यायची वेळ जवळ आली की कबुतरं मुळातच टोचाटोची करतात, असं दिसलं. तरीही, आमच्या घरी भारताची मॅच असली की कुणालाही सोफ्यावरची जागा बदलू देत नाहीत, तेव्हा मला ते गोल फिरणारं कबुतर आठवतंच.

गिरणीतल्या त्या कंपूत केलर ब्रेलंड नावाचा तरुण होता. तो आणि त्याची बायको मॅरियन इतके भारावले, की विद्यापीठ सोडून त्यांनी प्राण्यांना शिकवायचा धंदाच काढला. जाहिरातींसाठी, जत्रांसाठी. कोंबड्या नाचल्या, ससे पियानो बडवू लागले. १९६१ पर्यंत ३८ जातींचे सहा हजारांहून जास्त प्राणी त्यांच्या हाताखालून गेले. आणि एक दिवस एका रॅकूनने त्यांची दांडी उडवली.

रॅकून आपल्याकडे नसतो. अमेरिकेतला प्राणी, डोळ्यांवर काळी पट्टी, जन्मजात चोराचा वेश. त्याला शिकवायचं होतं एवढंच, की नाणं उचलून डब्यात टाक. एक नाणं त्याने टाकलं, पण सोडताना जीव वरखाली. डब्याच्या कडेला घासायचा, परत बाहेर काढायचा, पुन्हा आत धरायचा, शेवटी सोडायचा. मग दोन नाणी दिली आणि सगळंच फिसकटलं. पठ्ठ्या दोन नाणी एकमेकांवर घासतोय, डब्यात बुचकळतोय, बाहेर काढतोय, पुन्हा घासतोय! जणू दुकान बंद करताना गल्ला मोजणारे शेठजी. तेवढा वेळ खाऊ नाही, तरी तो थांबेना. दिवस जातील तसं घासणं वाढतच गेलं.

ब्रेलंड दांपत्याच्या लक्षात आलं की रानात रॅकून आपलं भक्ष्य हातात घेऊन असंच चोळतो. नाणं आणि खाऊ यांची जोडी डोक्यात पक्की झाल्यावर नाणंच त्याला खाऊसारखं वाटू लागलं. डुकरांचंही तसंच. लाकडी नाणी डब्यापर्यंत नेण्याऐवजी ती वाटेत टाकून नाकाने उकरत बसायची. म्हणजे बक्षीस कितीही द्या, प्राणी कोरी पाटी नसतो. त्याच्या जातीचं म्हणून जे काही असतं ते मधूनच वर येतं. स्किनरच्या १९३८ च्या गाजलेल्या पुस्तकाचं नाव होतं ‘प्राण्यांचं वर्तन’. त्याच्या या चेल्यांनी आपल्या लेखाला नाव दिलं ‘प्राण्यांचं गैरवर्तन’! गुरूला काढलेला इतका गोड चिमटा क्वचितच बघायला मिळतो.

आता शहाणा माणूस काय करेल? प्राण्याच्या स्वभावाशी भांडणार नाही. त्याला जे मुळातच येतं तेच कामाला लावेल. टांझानियातल्या मोरोगोरो शहरात ‘अपोपो’ नावाची संस्था हेच करते. तिथले विद्यार्थी आहेत आफ्रिकेतले थोराड उंदीर. गालात पिशव्या असतात, खाऊ साठवायला. नजर यथातथाच, पण नाक असं की विचारू नका. त्यांना स्फोटकाचा वास ओळखायला शिकवतात. वास आला, टिक्, केळ्याचा तुकडा. मग तोच वास मातीत पुरलेला. उंदराने वर येऊन पंजाने खरडलं, टिक्, केळं.

त्यांच्यातला मगावा हा उंदीर २०१६ मध्ये कंबोडियाला गेला. तिथे जुन्या लढायांमधले भूसुरुंग अजून शेतांत पुरलेले आहेत. माणसाचा पाय पडला तर फुटतात. मगावाचं वजन सव्वा किलोच्या आत, त्याच्या वजनाने सुरुंग फुटत नाही. टेनिसच्या मैदानाएवढी जागा त्याची अर्ध्या तासात हुंगून व्हायची. धातू शोधायच्या यंत्राने तिला चार दिवसही लागू शकतात, कारण यंत्र गंजक्या खिळ्यालाही बोंबलतं. उंदराला खिळ्यात रस नसतो. मगावाने ७१ भूसुरुंग आणि ३८ न फुटलेली इतर स्फोटकं शोधली. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका प्राणी-संस्थेने त्याला सुवर्णपदक दिलं. ते मिळवणारा तो पहिला उंदीर. २०२२ च्या जानेवारीत, आठ वर्षांचा होऊन, म्हातारपणाने तो गेला.

इथे एक पेच आहे, बघा सुटतो का. अपोपोचे उंदीर क्षयरोगही हुंगून ओळखतात. दवाखान्यातून आलेले थुंकीचे नमुने ओळीने ठेवतात. उंदीर एका नमुन्यापाशी थांबला. आता केळं द्यायचं का? तो बरोबर आहे की चूक, हे माणसाला अजून माहीतच नाही! चुकल्यावर केळं दिलं तर तो चुका शिकेल. कधीच दिलं नाही तर स्किनरच्या शुक्रवारसारखं सगळं विझून जाईल. मग ते काय करतात? नक्की क्षयरोग असलेले काही नमुने त्या ओळीत गुपचूप मिसळतात. त्यांच्यापाशी थांबला तर टिक् आणि केळं, बाकीच्यांची फक्त नोंद. शनिवारच्या कंटाळ्यातून निघालेला धडा असा कामाला आला. सगळ्याच थांबण्यांना बक्षीस नसलं तरी चालतं.

एवढं सगळं वाचल्यावर मलाही स्फुरण चढलं. ठरवलं, चष्मा पडला तरी उठायचं नाही. सुकट बंद! पहिल्या दिवशी चष्मा पडला, मी गप्प. दुसऱ्या दिवशी चष्मा, पेन आणि औषधाची बाटली. खाऊ थांबल्यावर सवय विझण्याआधी एकदा भडकते, हे मला पुस्तकातून माहीत होतं, म्हणून मी गप्प. तिसऱ्या दिवशी चिंगी माझ्या पोटावरून दोनदा चालली. मी गप्प. चौथ्या दिवशी तिने पाण्याचं तांब्या-भांडं ढकललं. ठण्ण! अंथरुणात पाणी, खालच्या मजल्यावरचे जागे. मी उठले. आणि उठलेच आहे तर, म्हणून...

तुमच्याकडे मांजर, कुत्रा, बोकड, काहीही असेल तर आठवडाभर एक वही ठेवा. डाव्या बाजूला त्याने काय केलं, उजव्या बाजूला त्यानंतर लगेच तुम्ही काय केलंत, एवढंच लिहा. उजवी बाजू नीट वाचा आणि आम्हाला कळवा.

आमच्याकडचं म्हणाल तर चष्म्याला आता कुणी हात लावत नाही. चिंगी थेट तांब्यापाशी जाऊन बसते.